होबार्टला आलेली ‘पाव चोरणारी’ खापरपणजी: नोंदी कुठे शोधाव्यात आणि कशा वाचाव्यात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मेलबर्नला असता आणि मुलीला शाळेत घराण्याचा इतिहास लिहून आणायला सांगितला आहे. सासूबाई तिकडच्याच. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की त्यांची कोणी खापरपणजी १८४०च्या दशकात आयर्लंडहून कैदी म्हणून टास्मानिया बेटावरच्या होबार्टला आली, आणि गुन्हा काय, तर एक पाव चोरला. नाव मेरी, आडनाव आयर्लंडात गल्लोगल्ली सापडेल असं. तुम्ही नाव टाकून शोधलंत तर ढिगाने मेऱ्या निघाल्या. शिवाय दीर म्हणाले, “त्या सगळ्या तसल्याच बायका होत्या, कशाला उकरून काढता?” आणि ‘फीमेल फॅक्टरी’ म्हणजे कारखाना की तुरुंग, हेही तुम्हाला विचारायचं आहे.

पाव खरंच चोरला का, हा यातला सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, या ढिगातली तुमची मेरी कोणती? तो सुटेपर्यंत बाकी काही वाचूच नका. चुकीच्या बाईची कागदपत्रं सुद्धा वाचायला तितकीच रंजक असतात, आणि एकदा तिच्यावर जीव जडला की माणूस पुरावे वाकवायला लागतो.

आवश्यक तेवढी पार्श्वभूमी. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यांत स्त्रिया साधारण २५ हजार. ढोबळमानाने निम्म्या न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीकडे, आणि निम्म्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कैदी गेले ते फक्त पुरुष. सिडनीकडची वाहतूक १८४० मध्ये थांबली आणि टास्मानियाची १८५३ मध्ये. स्त्रियांचं शेवटचं जहाज ‘डचेस ऑफ नॉर्थम्बरलँड’ हे एप्रिल १८५३ मध्ये होबार्टला लागलं. त्यामुळे १८४०च्या दशकात आलेली कैदी स्त्री बहुतेक टास्मानियातच उतरलेली असणार. हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे, कारण तिथल्या साहेबांची कागद ठेवण्याची हौस दांडगी होती आणि ते कागद टिकलेत. बेटाचं नाव १८५६ पासून टास्मानिया झालं, तेव्हा शोधताना जुनं नावही वापरा.

आपल्याकडे ‘काळं पाणी’ म्हटलं की अंदमान आणि कोठड्या डोळ्यांसमोर येतात. ते चित्र इथे बाजूला ठेवा. या बायकांना उतरल्यावर जन्मभर कोंडून ठेवलं नाही. त्यांना वसाहतीतल्या घरांत मोलकरीण, स्वयंपाकीण, धोबीण म्हणून वाटून दिलं. तुरुंग आला तो मालकाने तक्रार केली, काम सुटलं किंवा दिवस गेले तर. म्हणून तिच्या कागदांत कोठडीपेक्षा मालकांची नावं जास्त दिसतील.

आता शोधाकडे. नियम एकच: आजपासून मागे जायचं, १८४५ पासून पुढे यायचं नाही. सासूबाईंचा जन्मदाखला, त्यांच्या आईचा, तिच्या आईचा, असं करत एकेक कडी कागदावर पक्की करत जा. टास्मानियात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी डिसेंबर १८३८ मध्ये सुरू झाली, म्हणजे तुमचा काळ तिच्यात येतो. मुलांच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं नाव असतं. पण त्या काळच्या टास्मानियातल्या विवाहनोंदीत वधू-वरांच्या आई-वडिलांची नावं नसतात, हा मोठा खड्डा. उलट कुटुंब व्हिक्टोरियात आलं असेल (१८५१ मध्ये सोनं सापडल्यावर बास सामुद्रधुनी ओलांडून लोंढेच्या लोंढे तिकडे गेले), तर तिथल्या मृत्युदाखल्यावर जन्मस्थान, आई-वडील, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलांची नावं, इतकंच नव्हे तर वसाहतींमध्ये किती वर्षं काढली हेही लिहिलेलं असतं. इथे सावध राहा. माहिती सांगणारा मुलगा किंवा जावई असायचा, आणि आईची टास्मानियातली वर्षं तो हमखास गिळून टाकायचा. ‘वसाहतीत ४० वर्षं, सगळी व्हिक्टोरियात’ असं लिहिलंय आणि थोरल्या मुलाचा जन्म होबार्टचा, असं दिसलं की समजा, काहीतरी झाकलंय.

असं मागे जात लग्नापर्यंत पोचलात की सगळ्यात उपयोगी कागद येतो, तो लग्नाच्या परवान्याचा. शिक्षा संपलेली नसेल तर कैद्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची. होबार्टच्या टास्मानियन आर्काइव्ह्जमध्ये या अर्जांच्या वह्या ‘कॉन ५२’ या क्रमांकाखाली आहेत. तिथे वधूच्या नावाशेजारी ती कोणत्या जहाजाने आली ते लिहिलेलं असतं, आणि वराच्या नावाशेजारी त्याचं जहाज, किंवा तो मुक्त असेल तर तसं. जहाजाचं नाव हाती आलं की ढिगातल्या मेऱ्या एकदम दोन-चारांवर येतात. परवाना सापडला, पण त्यानंतर लग्नाची नोंद दिसत नाही, असंही होतं. कारण परवानगी मिळाली म्हणजे लग्न झालंच, असं नाही.

या टप्प्यावर एक लबाडी लक्षात ठेवा. मायदेशी नवरा असलेल्या बाईला पुन्हा लग्नाची परवानगी मिळणं अवघड होतं, आणि ही गोष्ट जहाजावरच कानोकानी सगळ्यांना कळायची. त्यामुळे उतरताना कारकुनाने विचारलं की बऱ्याच जणी ‘अविवाहित’ किंवा ‘विधवा’ सांगून मोकळ्या व्हायच्या. वैवाहिक स्थितीचा रकाना हा ओळख पटवायचा पुरावा म्हणून कच्चा आहे. तेवढ्यावरून एखादीला बाद करू नका.

जहाज कळलं की तीन वह्या उघडायच्या. तिन्ही संगणकावर, फुकट, मूळ पानांच्या छायाचित्रांसह मिळतात. पहिली वर्तणुकीची नोंदवही: १८४३ पर्यंत आलेल्या स्त्रियांसाठी ‘कॉन ४०’ आणि १८४४ ते १८५३ मध्ये आलेल्यांसाठी ‘कॉन ४१’. दुसरी ‘कॉन १५’, म्हणजे उतरताना केलेली जहाजवार यादी. आणि तिसरी ‘कॉन १९’, अंगावरच्या खुणांसह वर्णनाची वही. लोक पहिली बघून थांबतात आणि तिथेच फसतात. कॉन १५ मध्ये पुष्कळदा आई, बाप, भावंडांची नावं आणि ते कुठे राहतात हे असतं. आयर्लंडमधलं गाव गाठायचं तर रस्ता इथूनच जातो. पान उघडलंत की मागचं-पुढचं पानही बघा. नोंदवहीत जागा संपली की उरलेलं ‘कॉन ३२’ या पुरवणी वह्यांमध्ये लिहायचे, आणि मूळ पानावर त्याचा बारीकसा उल्लेख असतो जो पहिल्या वाचनात हमखास सुटतो.

आता कॉन ४१ मधलं एक पान कसं असतं ते जवळून बघू, कारण तुमचं उत्तर बहुधा तिथेच आहे. वर नाव आणि पोलीस क्रमांक. खटला कुठे आणि कोणत्या तारखेला चालला, शिक्षा किती, जहाज कधी लागलं. त्याखाली गुन्हा दोनदा येतो: एकदा सरकारी कागदावरून आणि एकदा तिच्या तोंडून. हे दुसरं कथन म्हणजे खरा ऐवज. कोणाची वस्तू, कोणत्या गावी, पूर्वी किती वेळा तुरुंगात गेली आणि कशासाठी, बहीण किंवा मैत्रीण त्याच जहाजावर आहे का, हे सगळं दोन-तीन तुटक ओळींत कोंबलेलं असतं. पुढे धर्म, लिहिता-वाचता येतं का, काम काय येतं. मग बिनबुटांची उंची, वय, चेहरा, केस, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तोंड, हनुवटी असे एकेक रकाने, जन्मगाव आणि अंगावरच्या खुणा: देवीचे व्रण, भाजल्याचा डाग, दंडावर गोंदलेली अक्षरं. गोंदलेली आद्याक्षरं दिसली तर जपून ठेवा. नवऱ्याची, मुलाची, भावाची, कोणाचीही असू शकतात, पण कॉन १५ मधल्या नातेवाइकांशी ती जुळली की ओळख पक्की होत जाते.

उरलेलं पान तक्रारींचं. तारीख, कोणत्या मालकाकडे, काय केलं, काय शिक्षा झाली, आणि दंडाधिकाऱ्याची आद्याक्षरं. रात्रभर परवानगीशिवाय बाहेर राहिली, उर्मटपणे बोलली, दारू प्यायलेली आढळली, काम करायला नकार दिला, हीच चार-पाच कलमं आलटून-पालटून येतात. मालकाला स्वतः शिक्षा करायचा अधिकार नव्हता, बाईला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागे. म्हणून आपल्याकडे शेजारच्या खोलीतही ऐकू न जाणारं भांडण तिथे सरकारी शाईत उतरलं. माझं मत असं की लांबलचक पान म्हणजे वाईट बाई, हा निष्कर्ष काढूच नये. एक चिडखोर मालक आणि दुसऱ्याच दिवशी भेटणारा दंडाधिकारी असला की पान भरतं. कोरं पान म्हणजे सरळमार्गी बाई, असंही नाही. गावापासून लांब शेतावर असली तर न्यायला-आणायलाच दोन दिवस मोडत, मग तक्रार कोण करणार?

समासात बारीक अक्षरांत तिकीट ऑफ लीव्ह, कंडिशनल पार्डन आणि फ्री सर्टिफिकेट यांच्या तारखा असतात, नुसत्या आद्याक्षरांनी. तिकीट ऑफ लीव्ह म्हणजे स्वतःचं काम स्वतः शोधायची मुभा, पण जिल्हा सोडायचा तर परवानगी हवी. कंडिशनल पार्डन म्हणजे माफी, पण ब्रिटनला परतायचं नाही. फ्री सर्टिफिकेट म्हणजे शिक्षा संपली. शिक्षेची वर्षं खटल्याच्या तारखेपासून मोजायची, जहाज लागल्यापासून नव्हे. मार्च १८४६ मध्ये ७ वर्षं झाली असतील तर सुटका मार्च १८५३. सुटल्यावर परतायला मोकळीक होती, पण जहाजाचं भाडं पदरचं भरायचं, त्यामुळे परतलेल्या बायका थोड्याच.

काळ जुळतो की नाही हे तपासायची एक सोपी खूण आहे. १८४३ पर्यंतच्या बायका उतरल्या की थेट मालकांकडे दिल्या जात. १८४४ पासून पद्धत बदलली: आधी ६ महिने ‘ॲन्सन’ या नांगरून ठेवलेल्या जहाजावर शिवणकाम-धुणं शिकायचं, मग पासहोल्डर, म्हणजे बाहेर काम करायचा परवाना असलेली कैदी, म्हणून पगारावर नोकरीला लागायचं. ॲन्सन होबार्टच्या डर्वेंट नदीत १८५० पर्यंत होतं. १८४६ मध्ये आलेल्या बाईच्या पानावर सुरुवातीलाच ॲन्सन दिसायला हवं. ते नसेल आणि उतरल्या आठवड्यात ती कुणाच्या घरी कामाला लागलेली असेल, तर जहाजाचं साल पुन्हा तपासा.

इथवरचं आटोपशीर सांगायचं तर: दाखल्यांवरून लग्न, लग्नाच्या परवान्यावरून जहाज, जहाजावरून तीन वह्या, आणि वह्यांवरून खटल्याचं ठिकाण आणि तारीख. आयर्लंडचे कागद त्यानंतर.

आयर्लंडच्या बाबतीत लोक लगेच हात टेकतात, कारण १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात आग लागून जुनं दप्तर जळालं. हद्दपारीच्या वह्यांपैकी १८३६ पूर्वीच्या त्यात गेल्या, नंतरच्या आहेत. तुमचा काळ नंतरचा, म्हणजे नशीब चांगलं. नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्यांची सूची फुकट शोधता येते. तिथे नाव, जिल्हा, गुन्हा, शिक्षा मिळते, आणि कधीकधी माफीचा अर्ज सापडतो, ज्यात गावच्या पाद्रीने किंवा आईने केलेली विनवणी असते. १८३६ नंतर आयर्लंडच्या बऱ्याच स्त्रियांना आधी डब्लिनच्या ग्रेंजगोरमन या स्त्रियांच्या तुरुंगात ठेवून मग किंग्जटाउन बंदरातून, म्हणजे आजच्या डून लेअरीहून, जहाजात चढवलं. ती इंग्लंडमध्ये पकडली गेली असेल, आणि १८४५ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत लिव्हरपूल-लंडनला गेलेल्या आयरिश बायका पुष्कळ, तर मार्ग वेगळा. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या खटल्यांचे छापील वृत्तान्त १६७४ ते १९१३ पर्यंतचे फुकट वाचता येतात, साक्षी-पुराव्यांसह. बाकी इंग्लंडात मोठे खटले अ‍ॅसायझेस न्यायालयात चालत, त्यांचे कागद लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. छोटे खटले क्वार्टर सेशन्समध्ये, ते त्या-त्या काउंटीच्या दप्तरखान्यात. जन्मगाव आयर्लंड आणि खटला लँकेशर, अशी जोडी दिसली तर गोंधळू नका.

प्रवासाचं काय? क्यूलाच जहाजावरच्या सर्जनांच्या रोजनिशा आहेत, ‘एडीएम १०१’ या मालिकेत. १७९० मध्ये आलेल्या कैदी जहाजांच्या दुसऱ्या ताफ्यात कैदी नेणाऱ्या ठेकेदाराला चढवलेल्या डोक्यामागे पैसे होते, पोचवलेल्या नव्हे. ताफ्यातल्या सुमारे चौथाई कैद्यांचा वाटेत जीव गेला. १८१५ नंतर सरकारने प्रत्येक कैदी जहाजावर नौदलाचा सर्जन नेमायला सुरुवात केली, आणि मरणाचं प्रमाण खूप खाली आलं. १८४०च्या सुमारास प्रवास साधारण साडेतीन-चार महिन्यांचा असे. सर्जनच्या आजाऱ्यांच्या यादीत तुमच्या मेरीचं नाव आलं तर तिला काय झालं, काय औषध दिलं, किती दिवस लागले हे कळतं. नाव नाही आलं तर बरंच आहे, ठणठणीत होती म्हणायचं. स्त्रियांच्या जहाजांनी सगळाच प्रवास सुखरूप केला असं नाही. ऑगस्ट १८३३ मध्ये ‘ॲम्फिट्राइट’ फ्रान्सच्या बुलोनपाशी फुटलं आणि १०८ कैदी बायका मुलांसकट बुडाल्या. १८३५ मध्ये कॉर्कहून निघालेलं ‘नीवा’ टास्मानियाजवळच्या किंग आयलंडपाशी फुटलं, त्यात १५ माणसं वाचली.

याच वाटेवरची एक वस्तू मुलीच्या प्रकल्पात जरूर घाला. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळातल्या स्त्रिया जहाजावर प्रत्येक कैदी बाईला एक पिशवी द्यायच्या, त्यात सुया, दोरा, कात्री आणि गोधडीसाठी कापडाचे तुकडे. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजावरच्या बायकांनी त्या तुकड्यांची एक गोधडी शिवली. साधारण सव्वातीन मीटर लांब-रुंद, २८१५ तुकड्यांची. ती आज कॅनबेऱ्याच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात आहे. कापड नाजूक झाल्याने कायम मांडून ठेवत नाहीत, पण गॅलरीच्या संकेतस्थळावर छायाचित्रं आहेत.

आता फीमेल फॅक्टरी. कारखाना आणि तुरुंग दोन्ही, आणि शिवाय कामगार पुरवणारं ठाणं, प्रसूतिगृह आणि तान्ह्या मुलांचं पाळणाघरही. सिडनीजवळ पॅरामॅटाची फॅक्टरी जुनी, १८२१ मध्ये तिथे नवी इमारत झाली. १८२७ मध्ये शिधा तोडल्यावर तिथल्या बायकांनी दार फोडून गावात धाव घेतली होती आणि दुकानांतून पाव-मटण उचललं होतं. टास्मानियात सगळ्यात मोठी होबार्टची कॅस्केड्स फॅक्टरी, १८२८ मध्ये एका जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत सुरू झालेली. माउंट वेलिंग्टनच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, दमट आणि ऊन न पोचणारी जागा. बायकांचे तीन वर्ग असायचे. पहिल्या वर्गातल्या नोकरीला पाठवायच्या. दुसऱ्यातल्या बाईच्या जॅकेटच्या डाव्या बाहीवर इंग्रजी ‘सी’ हे मोठं पिवळं अक्षर. तिसरा, म्हणजे क्राइम क्लास, तिथे ते अक्षर पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागच्या बाजूला. कामं म्हणजे गावातल्या सरकारी संस्थांचे कपडे धुणं, शिवण, लोकर पिंजणं, सूत काढणं. शिक्षा म्हणजे पाव-पाण्यावर एकांत कोठडी, धुण्याच्या टबापाशी उभं करणं, पूर्वीच्या काळात केस कापणं. ब्रिटनमध्ये बायकांना फटके मारणं १८२० मध्ये कायद्याने बंद झालं होतं.

मेरीच्या पानावर मूल झाल्याची नोंद असेल तर पुढचं नीट शोधा. नोकरीत असताना लग्नाविना दिवस गेले की बाई फॅक्टरीत परत, बाळंतपण तिथे. मूल अंगावरचं सुटलं की आईची रवानगी क्राइम क्लासला, बहुतेकदा ६ महिने, आणि मूल पाळणाघरात. दोन-तीन वर्षांचं झालं की न्यू टाउनच्या ऑर्फन स्कूलमध्ये. नाव अनाथालय, पण पुष्कळ मुलांची आई जिवंत आणि मैलभर अंतरावर कामाला असायची. पाळणाघरातला बालमृत्यू इतका होता की १८३८ मध्ये एका बाळाच्या मृत्यूची चौकशी बसली आणि पेपरांत बोंब झाल्यावर पाळणाघर गावात हलवलं. सासूबाईंच्या घरात ‘थोरला मुलगा अनाथालयात वाढला’ अशी काही गोष्ट असेल तर ती फेकून देऊ नका. शाळेच्या दाखल-खारीज वह्या टिकून आहेत आणि त्यांत आईचं नाव आणि जहाज मिळू शकतं. परवाना सापडला नाही, तर जहाजापर्यंत पोचायची ही दुसरी वाट.

दिरांच्या शेऱ्याबद्दल. वेश्याव्यवसाय हा हद्दपारीचा गुन्हाच नव्हता. बहुसंख्य बायका चोरीसाठी आल्या: कपडे, कापड, पैसे, मालकिणीच्या घरातल्या वस्तू. सगळ्यांत जास्त शिक्षा ७ वर्षांच्या. कॉन ४१ मध्ये ‘ऑन द टाउन’ असे शब्द आणि पुढे वर्षं-महिने लिहिलेले दिसतील, ती वेश्याव्यवसायाची नोंद. ती काहींच्या पानावर आहे, काहींच्या नाही. ती खरी असेलही, पण लिहिणारे कोण होते ते लक्षात घ्या. १८०६ मध्ये सिडनीच्या सॅम्युएल मार्सडेन या पाद्रीने वसाहतीतल्या बायकांची यादी केली आणि ‘विवाहित’ व ‘रखेल’ असे दोनच वर्ग केले. चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने लग्न झालेलंच विवाहित. कॅथलिक पद्धतीने लग्न केलेली आयरिश बाई सरळ दुसऱ्या रकान्यात! हद्दपारीची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या १८३७-३८ च्या मोल्सवर्थ समितीच्या अहवालातही जवळजवळ सगळ्याच कैदी स्त्रियांना दारुड्या आणि वेश्या ठरवलं. दिरांचं वाक्य म्हणजे त्याच अहवालाची उजळणी. मेरीच्या पानावर ती नोंद निघालीच, तर मुलीच्या वयाप्रमाणे काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. लपवायची गरज मला वाटत नाही, पण तो घरचा प्रश्न.

आणि पाव. पहिल्याच गुन्ह्याला एक पाव चोरला म्हणून समुद्रापार, असं प्रकरण कागदावर क्वचित दिसतं. बहुतेकींच्या नावावर आधीच्या एक-दोन शिक्षा असतात, आणि चोरलेली वस्तू विकता किंवा गहाण टाकता येण्यासारखी असते. पण १८४५ नंतरच्या आयर्लंडची गोष्ट निराळी. बटाट्याचं पीक सडलं, लोक उपाशी मेले, आणि अन्नाची, मेंढ्यांची, गुरांची चोरी वाढली. काही बायकांनी तर हद्दपारी मिळावी म्हणून मुद्दाम गवताच्या गंजीला आग लावली आणि तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मेरी १८४७ ते १८५० च्या सुमारास आली असेल तर सासूबाईंच्या गोष्टीत तथ्य असू शकतं, फक्त पावाच्या जागी मेंढी निघण्याची तयारी ठेवा. १८४१ मध्ये आली असेल तर शंका घ्या.

नावांच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त अडकतात. कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. आयरिश आडनावाआधीचा ‘ओ’ किंवा ‘मॅक’ गळायचा, एकाच बाईची तीन स्पेलिंगं तीन वह्यांत असतात. टोपणनावंही सर्रास. म्हणून पूर्ण नावाऐवजी जहाज आणि पहिलं नाव एवढंच टाकून यादी काढा आणि डोळ्यांनी बघा. एकाच जहाजावर एकाच नावाच्या दोघी असतात, तिथे पोलीस क्रमांक वेगळा करतो. वयात दोन-चार वर्षं इकडेतिकडे चालतं, उंचीत चार इंच चालत नाहीत. आणि पैसे घेऊन वंशवृक्ष दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तुमची मेरी आयती मिळाली तरी तिथून फांदी तोडून आपल्या झाडाला बांधू नका. एकाने चुकीची मेरी लावली की चाळीस जण ती उतरवून घेतात आणि ते बहुमत पुरावा वाटायला लागतं. होबार्टचं फीमेल कन्व्हिक्ट्स रिसर्च सेंटर टास्मानियात आलेल्या सगळ्या स्त्रियांची सूची तयार करतंय. स्वयंसेवकांनी मूळ पानं बघून केलेलं काम आहे, अक्षर लागत नसेल तर तिथलं वाचन ताडून बघा. सुटकेनंतरची वर्षं नॅशनल लायब्ररीच्या ‘ट्रोव्ह’वरच्या जुन्या वर्तमानपत्रांत शोधा: पोलीस कोर्टाच्या बातम्या, पळालेल्या कैद्यांच्या जाहिराती, मृत्यूची छोटी चौकट.

एवढं करूनही तिन्ही वह्यांत ती सापडली नाही तर ती कैदी नसेल, ही शक्यता खुली ठेवा. १८४८ ते १८५० मध्ये आयर्लंडच्या वर्कहाउसमधल्या, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहांतल्या, चार हजारांवर अनाथ मुली सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडला सरकारी खर्चाने पाठवल्या गेल्या. शिवाय सरकारी मदतीने आलेल्या साध्या स्थलांतरित बायकाही होत्या. त्यांची जहाजं, याद्या आणि दप्तरखाने वेगळे. घरच्या गोष्टीत या तिन्ही प्रकारच्या बायका एकमेकींत मिसळून जातात, विशेषतः कुटुंब पुढे मेलबर्नला स्थिरावलं असेल तेव्हा.

सध्या तुमच्याकडे लग्नाचं साल आहे का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. थोरल्या मुलाची जन्मनोंद आधी काढा, तिथे आईचं माहेरचं आडनाव आणि गाव काय लिहिलंय ते बघा. जहाज सापडलं की त्याचं नाव, साल आणि खटल्याचा जिल्हा एवढं इथेच खाली टाका, आयर्लंडचा नेमका कागद कुठे बघायचा ते मग सांगता येईल.